दंडावरचा बिल्ला : चौदा दिवसांचा शुगर सेन्सर वापरून पाहिल्यावर

गेल्या वर्षभरात माझ्या दवाखान्यात मी अकरा जणांच्या दंडावर हा बिल्ला चिकटवला. त्याआधी एक स्वतःच्या. त्यामुळे हा अभिप्राय खोक्यावरचा मजकूर वाचून लिहिलेला नाही. कंपनीचा माणूस माझ्याकडे आलेला नाही, फुकटचं काही मिळालेलं नाही. उलट दोन सेन्सर मी पदरचे पैसे घालून आणले. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारात असे दोन-तीन प्रकार मिळतात, गुणदोष थोड्याफार फरकानं सगळ्यांचे तेच. आणि खरं सांगायचं तर माझी निम्मी तक्रार वस्तूबद्दल नाहीच, माझ्या धंद्याबद्दल आहे.

आधी वस्तू. दहाच्या नाण्याहून मोठा, पांढरा, चपटा बिल्ला. तो लावायच्या ठोकळ्यात बसवून येतो. ठोकळा दंडाच्या मागच्या बाजूला टेकवून दाबला की 'खट्ट' होतं आणि केसाएवढी लवचीक तार कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर शिरते. दुखत नाही म्हटलं तरी चालेल. मग चौदा दिवस तो तिथंच. अंघोळ चालते. मोबाईल जवळ नेला की आत्ताची शुगर, मागच्या काही तासांचा आलेख आणि आता चढतीय की उतरतीय हे सांगणारा बाण दिसतो. मला एक बिल्ला साडेचार हजारांच्या आसपास पडला. पंधरवडा संपला की तो कचऱ्यात.

आता एवढं महाग प्रकरण माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरीणबाईला कशाला हवं होतं, ते सांगते.

कराडात माझी प्रॅक्टिस २८ वर्षांची. हा सगळा उसाचा पट्टा. हंगाम सुरू झाला की दवाखान्यासमोरून ट्रॉल्या जायला लागतात, गुऱ्हाळं पेटतात, पाहुण्यांना चहाऐवजी रस येतो. आणि आत मी गळ्यात स्टेथोस्कोप घालून सांगत बसलेली असते, 'गोड बंद.' समोरून काय उत्तर येणार हे मला पाठ आहे.

"गोड खातच नाही हो मॅडम. चहा तेवढा."

"किती वेळा?"

"तीन-चार."

"साखर?"

"नावाला."

मागे उभी असलेली बायको तोंडाला पदर लावते, तेवढ्यावरून मला नावाला म्हणजे किती ते कळतं. चालण्याचं विचारलं की "शेतात दिवसभर हिंडणंच आहे की," आणि बांधापर्यंत जायला फटफटी. "आमच्या घराण्यात कुणाला नव्हता." "एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही म्हणतात, म्हणून घेतली नाही." "कारल्याचा रस चालू केलाय." रक्त तपासायच्या आधी दोन दिवस भात-गोड सगळं बंद करून येणारे तर कितीतरी. उपाशीपोटीची शुगर ११०, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी येतो ९.४, आणि मला विचारतात, "लॅबवाल्याचं चुकलं असंल का?"

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद होता. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे मी त्यावर स्वतःच्या हातानं लिहिले होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली तीन हजारांहून जास्त माणसं घेतली. ज्यांनी आठवड्याला १५० मिनिटं चालून आणि जेवण बदलून वजन थोडं उतरवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिनच्या गोळीनं फक्त ३१. खाली चेन्नईच्या २००६ सालच्या अभ्यासाचे आकडे. आपल्या लोकांत जीवनशैली बदलून २८.५ टक्के, गोळीनं २६.४. हा कागद मी पेशंटला बोट ठेवून दाखवायची. "बघा, गोळीपेक्षा चालणं भारी." ते माना डोलवायचे. पुढच्या खेपेला वजन दीड किलो जास्त.

काही वर्षांनी तो मूळ लेख परत नीट वाचला तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. अमेरिकेतल्या त्या माणसांना पहिल्या सहा महिन्यांत १६ बैठका मिळाल्या होत्या. एकाला एक, समोर बसून. शिकवायला वेगळा माणूस, वजन बघायला, चुकलं तर परत समजवायला. आणि मी काय देत होते? पाच मिनिटं आणि एक झेरॉक्स. 'गोड, तेलकट, तळलेले बंद. रोज चालणे.' झेरॉक्सवर कधीकाळी एका औषध कंपनीनं छापून दिलेलं सफरचंदाचं चित्र. आमच्याकडे सफरचंद आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या आधी मी जे केलं ते कबूल करते.

एक निवृत्त एसटी ड्रायव्हर माझे जुने पेशंट. पायाला जखम झाली, बूट लागला म्हणून दुर्लक्ष केलं, मधुमेहानं पायाला संवेदनाच नव्हती तर दुखणार काय. माझ्याकडे आले तेव्हा अंगठा काळा पडला होता. पुढे पाठवलं, अंगठा काढावा लागला. दहा वर्षं मी त्यांना पाय तपासायला, बूट बदलायला, जेवण आवरायला सांगत होते. महिन्याभरानं ड्रेसिंगला आले, इन्सुलिन चालू होतं, शुगर खाली आली होती. पट्टी सोडत होते तेव्हा अगदी सहज म्हणाले, "मॅडम, आता शुगर बरी आलीय. आंबा चालंल न्हवं?"

मी काही बोलले नाही. घरी आले, जेवले नाही.

त्यानंतर दोन-अडीच महिने मी सांगणंच बंद केलं. पेशंट आला, रिपोर्ट बघितला, गोळी वाढवली, पुढचा. किती चालता नाही, काय खाता नाही. पाच मिनिटांचं काम तीन मिनिटांत. आणि मला जे लागलं ते पुढंच आहे: कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. नाही, लक्षात आलं, पण उलटंच. एक मावशी बाहेर बाकावर दुसरीला सांगत होत्या, "मॅडम आता लई शांत झाल्यात. आधी किती वरडायच्या!" आमच्या सिस्टरनं ते मला हसत हसत येऊन सांगितलं. मी हात सोडल्यावर माझी कीर्ती वाढली होती.

त्याच सुमारास पुण्याहून भाचा आला. दंडावर हा बिल्ला. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह, लहानपणापासून इन्सुलिनवर, त्याला खरोखर गरज. त्यानं जेवताना मोबाईल दंडाला लावला, आकडा बघितला, एक पोळी परत ठेवली. कुणी सांगितलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. मी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी एक मागवला.

पहिला माझ्याच दंडावर. मला मधुमेह नाही. उपाशीपोटीची शुगर १०८, म्हणजे उंबरठ्यावर. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे असा हिशेब आला, त्या दुसऱ्या रांगेत मी. कुणाला सांगितलं नव्हतं.

चौदा दिवसांत माझी जी शोभा झाली ती झाली. अकरा वाजता चहा आणि दोन मारी बिस्किटं, चारला परत तेच, सहाला औषध कंपनीचा एमआर आला की त्याच्याबरोबर परत. 'मारी म्हणजे काय गोड नव्हे,' असं मी स्वतःला वीस वर्षं सांगत आले होते. आलेखावर त्या तीन वेळा तीन टेकाडं, एक तर थेट १७२ पर्यंत. ओपीडी साडेनऊला संपते, जेवण दहाला, पाणी पिऊन आडवी. त्या रात्रीची रेघ दोन वाजेपर्यंत खाली यायला तयार नाही. पेशंटला मी काय सांगते? साडेसातला जेवा. २८ वर्षांत मी एकदाही साडेसातला जेवलेले नाही. मग एके रात्री जेवल्यावर नवऱ्याला घेऊन प्रीतिसंगमावर गेले, घाटावर पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फेऱ्या मारल्या, गप्पा मारल्या. त्या रात्री टेकाड निम्मंसुद्धा नव्हतं. जेवणानंतर चाललं की स्नायू साखर ओढून घेतात हे मी एमबीबीएसला शिकलेय. बघितलं तेव्हा.

आता आण्णांकडे येते. हा अभिप्राय त्यांच्यामुळे लिहितेय.

आण्णांचं गुऱ्हाळ. वय ६१, दहा वर्षं माझे पेशंट, वरचा तो ९.४ त्यांचाच. गेल्या हंगामात मी त्यांना एवढी बोलले होते की बाहेरच्या बाकावरचे लोक गप्प झाले. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीतनं गुळाची एक ढेप काढून माझ्या टेबलावर ठेवली. "बिनकेमिकलचा हाय. घरचाच." आणि गेले. संध्याकाळी मी त्यातलाच खडा भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर खाल्ला. (उत्तम गूळ होता, तेही नोंदवते.)

सेन्सरचं सांगितल्यावर ते लगेच हो म्हणाले, मला वाटलं नव्हतं. त्यांच्याकडे बटणाचा फोन, म्हणून अकरावीतल्या नातवाच्या मोबाईलवर ॲप घातलं. इथं पहिली अडचण: मी वापरलेलं ॲप इंग्रजीत. मराठी नाही. आकडे कुणालाही कळतात, पण सूचना, इशारे, सेटिंग सगळं इंग्रजी. नातू नसता तर प्रकरण पहिल्याच दिवशी बसलं असतं.

चौथ्या दिवशी आण्णा नंबर न लावता आत आले. चेहरा असा की कुणाला तरी रंगेहाथ पकडलंय. नातवाला म्हणाले, "दाखव मॅडमना." दुपारच्या जेवणानंतर २४६.

"काय खाल्लंत?"

"तुम्ही सांगितल्यालंच. भाकरी. चपाती सोडून दोन वर्षं झाली तुमच्यापायी. भाकरीनं पण चढतंय की!"

किती भाकरी? तीन. थापलेल्या, तव्याएवढ्या. बरोबर रस्सा, भाजी नावाला. मी आयुष्यभर 'चपाती सोडा, भाकरी खा' एवढंच सांगत आले. ज्वारीत तंतू आहेत, ती मैद्यापेक्षा शंभर पटींनी बरी, सगळं खरं. पण शेवटी पीठच आहे आणि तीन मोठ्या भाकरींचं पीठ थोडं नसतं. किती, कशाबरोबर, आधी काय हे मी कधी विचारलंच नव्हतं. झेरॉक्सवर तेवढी जागा नव्हती.

मी म्हटलं, आण्णा, उद्या असं करा. ताटात तेच घ्या, पण आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर आणि मटकीची उसळ खा, सगळी. मग भाकरी. आधी पालेभाजी-कडधान्य पोटात गेलं की पिठाची साखर रक्तात सावकाश उतरते, यावर अलीकडे बरंच काम झालंय. आण्णांना हा प्रकार एकदम पटला, कारण यात काही सोडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उसळ आधी, भाकऱ्या दोन, त्याही पोट भरलं म्हणून. १८८. मग त्यांना नादच लागला. रोज एक प्रयोग. जेवून लगेच पडलं तर काय, गुऱ्हाळावर चक्कर मारली तर काय, भात रात्री खाल्ला तर काय आणि दुपारी खाल्ला तर काय. एकदा मुद्दाम एक ग्लास रस पिऊन बसले, अर्ध्या-पाऊण तासात ३०० च्या वर, आणि नातवाकडून त्याचा फोटो काढून घेतला. गुऱ्हाळावरच्या सगळ्या गड्यांना दाखवला.

मी विचारलं, "आण्णा, रसाचं मी तुम्हाला दहा वर्षं सांगतेय. तेव्हा नाही पटलं?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "तुम्ही सांगत हुता खरं. पण तुम्ही सगळ्यास्नी तेच सांगत हुता की. हे माझं हाय."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. त्या दिवशी मी काचेखालचा ५८ टक्क्यांचा कागद काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. आकडे खोटे नाहीत. पण ते तीन हजार अमेरिकनांचे. आण्णांची भाकरी त्यात नव्हती.

आता दोष. ते भरपूर आहेत.

एक, चिकटपणा. एप्रिल-मेमध्ये, शेतात घाम गाळणाऱ्या माणसाच्या दंडावर हा बिल्ला टिकेलच असं नाही. एकाचा तिसऱ्या दिवशी बैलाच्या दाव्याला अडकून निघाला. साडेचार हजार गेले. एकदा निघाला की परत चिकटवता येत नाही. मी आता वरून कापडी चिकटपट्टी लावते, ती वेगळी आणावी लागते.

दोन, आणि हे गंभीर: रात्रीचे खोटे इशारे. सहाव्या रात्री अडीच वाजता नातवाचा मोबाईल केकाटायला लागला, आण्णांची शुगर ५४. घर जागं झालं. आण्णांना गदागदा हलवून उठवलं, सुनेनं साखरेचं पाणी पाजलं, वर गुळाचा खडा, आणि मग मला फोन. मी म्हटलं, ग्लुकोमीटर आहे ना, बोट टोचून बघा. तोवर २०८ झाली होती! मूळची किती होती देव जाणे. झालं होतं असं की आण्णा सेन्सरच्या बाजूच्या कुशीवर झोपले होते. दंड दबला की त्या जागेला रक्त कमी पोचतं, आणि हे यंत्र रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतं. दाबाखाली आकडा खोटाच खाली येतो. हे पत्रकात बारीक अक्षरात असतं. मी आधी सांगायला हवं होतं, माझी चूक. आता लावतानाच सांगते: शंका आली तर आधी बोट टोचा. घाम, थरथर, गरगर असं खरंच होत असेल तर मात्र टोचण्यात वेळ घालवू नका, साखर घ्या.

त्याच कारणानं आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागं चालतो. शुगर वेगानं चढत-उतरत असताना बोटाचा आकडा आणि बिल्ल्याचा आकडा जुळणार नाही. यावरून माझ्याशी भांडलेले तिघे आहेत. पहिल्या दिवशीचे आकडे तर मी मोजतच नाही.

तीन, घरातली पोलिसगिरी. हा दोष यंत्राचा म्हणावा का कळत नाही. एका मावशींच्या मुलानं आईचा आलेख घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. पुण्यातली लेक, मुंबईतली नणंद, सगळे तुटून पडले. "आई, साडेचारला काय खाल्लंस?" मावशी माझ्याकडे आल्या त्या रडकुंडीला. म्हणाल्या, "एकादशीला काढून ठेवता येतो का हो हा?" साबुदाण्याच्या खिचडीचं टेकाड त्यांच्या आलेखावर सगळ्यात उंच होतं. एकादशी आणि दुप्पट खाशी आपण चेष्टेनं म्हणतो, इथं रेघ काढून दाखवली होती. मी मुलाला बोलावून ग्रुपवर टाकणं बंद करायला लावलं. मावशींना एवढंच म्हटलं, खिचडी बशीत घ्या, ताटात नको, आणि बरोबर दही, काकडीची कोशिंबीर. पुढच्या एकादशीला सेन्सर नव्हता, त्यामुळे काय झालं ते त्यांना आणि विठोबाला माहीत.

आणखी एकाचं सांगते. निवृत्त शिक्षक. रोजचे आकडे वहीत, उपाशीपोटीचे निळ्या शाईनं, जेवणानंतरचे लाल. समास आखलेले. चौदा दिवसांची वही माझ्यापुढे ठेवली. रोज रात्री साडेदहाला २६०-२७०. म्हटलं, सर, रात्री काय होतं? "जेवण झाल्यावर एक पेढा. अनेक वर्षांची सवय आहे." मग? "मग काही नाही. तुम्ही गोळी वाढवा." निरीक्षण दहापैकी दहा. जुनी मी असते तर तिथंच आवाज चढला असता. गोळी वाढवली. त्यांच्याकडे पुढच्या वेळी परत विचारीन.

बारीक लोकांसाठी मात्र ही वस्तू डोळे उघडणारी. ३४ वर्षांचा एक वेल्डर, ५८ किलोचा, त्याचं म्हणणं, "मी कुठं जाड हाय? शुगर जाड्या माणसास्नी असती." याच्यासाठी मी एक फोटो जपून ठेवलाय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वरून सडसडीत, आतून चरबी, ही आपल्याकडची ठेवणच. फोटो दाखवला की पेशंट हसतो आणि विसरतो. वेल्डरला मी माझ्या पैशानं सेन्सर लावला, दिवसाला साडेचार हजार कमावणारा तो नव्हे. सकाळी वडापाव आणि कटिंग खाऊन कामावर, दहा वाजता २३०. त्यानं वडापाव सोडला नाही. वेळ बदलली, आधी घरनं डबा खातो, वडापाव शनिवारी. हे त्यानं स्वतः ठरवलं, मी सुचवलंही नव्हतं. दुसरा पदरचा सेन्सर भाजी विकणाऱ्या एका वहिनींना. त्या परत आल्याच नाहीत. मंडईत दिसल्या, दुसरीकडे बघत होत्या. मी कोथिंबीर घेतली आणि शुगरचं काही विचारलं नाही.

तर हिशेब. अकरांपैकी चौघांनी काहीतरी बदललं आणि ते अजून टिकून आहे. तिघांचं महिनाभर टिकलं. दोघांनी काहीच केलं नाही. एकाचा बैलानं काढला, एक वहिनी. कंपनीच्या जाहिरातीत हा हिशेब बसणार नाही. माझ्या झेरॉक्सचा हिशेब मात्र याहून कितीतरी वाईट होता.

घ्यावा का? इन्सुलिन घेत असाल, शुगर मध्येच खाली जात असेल, तर डॉक्टरांशी बोलून जरूर. नुसत्या गोळ्यांवर असाल तर कायम लावायची गरज मला दिसत नाही. वर्षातून एखाद-दुसरा पंधरवडा पुरे. तेवढे पैसे नसतील तर साधा ग्लुकोमीटर घ्या. एका सेन्सरच्या किमतीत दीड-दोनशे पट्ट्या येतात. जेवायच्या आधी एक, दोन तासांनी एक, आणि ताटात काय होतं ते कागदावर. रेघ दिसणार नाही, पण स्वतःच्या भाकरीचं कळेल. आलेख चांगला आला म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका, असं एकानं केलंय. आणि घरात स्वयंपाक करणारीला पहिल्या दिवशीच सामील करून घ्या. आण्णांच्या ताटातला उसळीचा क्रम सांभाळते ती सून, आण्णा नव्हेत.

वस्तूला पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो चिकटपणा, इंग्रजी आणि त्या ५४ च्या रात्रीबद्दल.

आण्णांचा एचबीएवनसी तीन महिन्यांनी ८.१ आला. मध्ये दिवाळी आणि हंगाम आला, परत ८.५. मी काही बोलले नाही, तेच म्हणाले, "एकदा अजून लावा." गेल्या आठवड्यात लावला. निघताना पिशवीतनं ढेप काढली, नेहमीच्या निम्मी.

"एवढीशीच?" मी विचारलं.

"सिस्टर म्हणत हुत्या, तुमची पण वाढल्या म्हणून."